मंदावलेला खेळ आणि यंत्राची निगा

संगणकावरील खेळ हा विषय महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. कला शाखेच्या विद्यार्थिनीने तर या वाटेला मुळीच जाऊ नये, असेही कोणी म्हणेल. परंतु प्रस्तुत लेख खेळावर नसून तो मंदावतो का, यावर आहे. टंकलेखन करताना यंत्राचे दुखणे सहसा ध्यानात येत नाही. खेळाच्या वेळी मात्र ते चटकन उघडे पडते. कारण खेळाइतका ताण दुसरे कोणतेही घरगुती काम संगणकावर क्वचितच टाकते.

मिरकरवाड्यासारख्या बंदरालगतच्या वस्तीत, ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयाची पायरी चढले आहे, तेथे संगणक असलाच तर एकच असतो आणि तोही बहुधा एखाद्या कचेरीतून बाहेर पडलेला. आमच्याकडे तसाच आहे. माझी टिपणे, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज आणि धाकट्या भावाचे खेळ हे सारे त्याच्यावरच चालते. गेल्या वर्षी भावाचा मोटारशर्यतीचा खेळ अडखळू लागला, तेव्हा 'यंत्र जुने झाले, आता नवे घ्या' असा सल्ला मिळाला. नवे घेणे म्हणजे माझ्या पुढच्या वर्षाच्या शुल्काचे पैसे त्यात घालणे. म्हणून यंत्र खरेच म्हातारे झाले आहे की नुसते आजारी आहे, हा प्रश्न आमच्यापुरता तरी करमणुकीचा नव्हता.

मंदावणे म्हणजे काय?

पडद्यावरची हालचाल म्हणजे स्थिर चित्रांची मालिका. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे सरकतात. संगणकाच्या खेळात ६० चित्रे मिळाली, तर हालचाल सफाईदार वाटते. म्हणजे एक चित्र तयार करायला यंत्राच्या हाती सुमारे १६.७ मिलिसेकंद असतात. चित्रपटाची चित्रे आधीच तयार असतात. खेळातले चित्र खेळाडूने कळ दाबल्यावर त्या क्षणी काढावे लागते. ते वेळेत झाले नाही, की मागचेच चित्र पडद्यावर रेंगाळते. यालाच आपण खेळ अडखळला असे म्हणतो.

हे काम प्रोसेसर, ग्राफिक्सचा भाग, रॅम आणि डिस्क असे चौघे मिळून करतात. चौघांपैकी एक मागे पडला, तरी उरलेले तिघे त्याची वाट पाहत बसतात. तेव्हा कोण मागे पडतो, हे आधी ओळखले पाहिजे. त्यासाठी खेळ केव्हा मंदावतो, याचे निरीक्षण पुरते.

पहिल्या मिनिटापासूनच खेळ संथ असेल, तर यंत्राच्या कुवतीपेक्षा ओझे जास्त आहे. सुरू व्हायला फार वेळ लागून पुढे ठीक चालत असेल, तर डिस्क संथ आहे किंवा काठोकाठ भरली आहे. मधूनमधून गचके बसत असतील, तर पाठीमागे इतर प्रोग्राम चालू असून रॅम अपुरी पडते. मग संगणक रॅमचे काम डिस्ककडून करून घेतो आणि डिस्क त्या मानाने फारच हळू. परंतु दहापंधरा मिनिटे उत्तम चालून मग खेळ मंदावत असेल, तर संशय उष्णतेवर घ्यावा. आमचे दुखणे या शेवटच्या प्रकारचे होते.

उष्णता आणि खारा वारा

उष्णता ही संगणकाची जुनी वैरीण आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा भारतीय बनावटीचा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. अशी नळी तापल्याशिवाय कामच करत नाही. त्यामुळे त्या काळच्या यंत्रांत गणिताइतकीच चिंता गारव्याची असे. आजचा प्रोसेसर नखाएवढ्या तुकड्यावर अब्जावधी ट्रान्झिस्टर घेऊन बसतो. त्याच्या डोक्यावर धातूच्या पातळ पात्यांचा ठोकळा असतो आणि त्यावर पंखा. तापमान ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले, की बहुतेक प्रोसेसर जळून जाऊ नये म्हणून आपला वेग आपणच उतरवतो.

माझे वडील नौकेवर इंजिन सांभाळतात. हे त्यांना समजावून सांगायला मला दोन वाक्येही लागली नाहीत. ते म्हणाले, "इंजिन तापलं की आम्हीपण रेस कमी करतो. पण तेवढ्यानं काय होतंय? पाणी कुठं तुंबलंय ते बघायला लागतं." संगणकाच्या बाबतीत तुंबते ती हवा. धातूच्या पात्यांमध्ये धूळ बसते आणि आमच्याकडे त्या धुळीत समुद्राचे मीठ असते. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मिठाला पाणी सुटते. पावसाळ्यात घरातल्या मिठाच्या बरणीत आपण ते पाहतोच. रत्नागिरीत पावसाळ्यात एवढी आर्द्रता नेहमीचीच. मग धुळीची ओलसर वडी बनते, हवा अडते आणि तांब्याच्या भागांवर हिरवट थर चढू लागतो.

उपचार

प्रथम मोजमाप केले. तापमान दाखवणारे प्रोग्राम विनामूल्य मिळतात. खेळ सुरू झाल्यावर बाराव्या मिनिटाला पारा ९८ अंशांवर गेला आणि सेकंदाला ४४ असलेली चित्रे १७ वर आली. निदान पक्के झाले.

मग संगणक बंद करून वायर भिंतीतून काढली आणि सुरू करायचे बटण काही सेकंद दाबून धरले, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. पेटीच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवली. पंख्याचे पाते बोटाने धरून कोरड्या, मऊ कुंचल्याने धूळ काढली. ओले फडके अजिबात वापरू नये. वीजपुरवठ्याची आतली पेटी तर कधीच उघडू नये. तिच्यातील कपॅसिटर वायर काढल्यावरही धक्का देऊ शकतात. प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामधील उष्णतावाहक लेप वाळून खडूसारखा झाला होता. तो पुसून तांदळाच्या दाण्याएवढा नवा लेप लावला. सारा खर्च दोनशे रुपयांच्या आत झाला.

पुन्हा मोजले, तेव्हा अर्ध्या तासानंतरही तापमान ७६ अंशांवर स्थिर होते आणि चित्रे ४३ च्या खाली उतरली नाहीत. यंत्र म्हातारे नव्हते. त्याला श्वास घेता येत नव्हता.

इतर लक्षणांवरचे उपायही येथे सांगते. टास्क मॅनेजर उघडून संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारे अनावश्यक प्रोग्राम बंद करावेत. डिस्कचा पाचवा-सहावा हिस्सा रिकामा ठेवावा. जुन्या फिरत्या डिस्कवरील विखुरलेली माहिती डीफ्रॅगमेंट करून सलग लावावी. एसएसडीवर मात्र हा प्रयोग करू नये, त्याने लाभ नाही आणि झीज होते. ओझे जास्त असेल, तर चित्राचे रिझोल्यूशन उतरवावे. १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० बिंदू, तर १२८० गुणिले ७२० म्हणजे केवळ ९,२१,६००. म्हणजे दर चित्रामागे रंगवायचे बिंदू निम्म्याहूनही कमी होतात. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल, तर रॅमच्या एका पट्टीऐवजी दोन सारख्या पट्ट्या बसवल्याने बराच फरक पडतो, कारण अशा यंत्रात ग्राफिक्सचा भाग रॅमवरच अवलंबून असतो. 'एका कळीत संगणक वेगवान' असे सांगणारे प्रोग्राम मात्र टाळावेत. ते स्वतःच पाठीमागे चालून ओझे वाढवतात.

आणि एवढे करूनही काही यंत्रे खरोखरच नव्या खेळांना पुरी पडत नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. परंतु तो निर्णय मोजमापानंतर घ्यावा, आधी नव्हे.

मिरकरवाड्याला हा विचार नवा नाही. सर्वसाधारणपणे १ जून ते ३१ जुलै अशा ६१ दिवसांच्या मासेमारी बंदीत नौका किनाऱ्यावर शाकारल्या जातात, इंजिने खोलली जातात, जाळी दुरुस्त होतात. नौका हळू चालते म्हणून कोणी ती लगेच मोडीत काढत नाही. संगणकाचीही अशीच पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा साफसफाई व्हावी. पावसाळ्यात तो रोज थोडा वेळ चालू ठेवावा, म्हणजे आतल्या उबेने दमटपणा टिकत नाही. आणि समुद्राच्या बाजूच्या खिडकीपाशी तो ठेवू नये.

शेवटी एक सूचना करावीशी वाटते. आपल्या महाविद्यालयाच्या संगणक कक्षातही प्रत्येक सत्राअखेर जाणकार शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी ही साफसफाई करावी. कला शाखेची मुले-मुलीही तीत असावीत. ज्यांच्या घरी एकुलता एक जुना संगणक आहे, त्यांना या विद्येची गरज सर्वांत अधिक आहे.