डब्यात राहिलेली चिठ्ठी

आमवाताची नऊ वर्षं झाली. रविवारची मेथोट्रेक्सेट आणि सोमवारचं फोलिक ॲसिड अंगवळणी पडलं होतं. बोटं पुन्हा सुजू लागली तेव्हा डॉक्टरांनी टोफासिटिनिब लिहून दिलं आणि म्हणाले, "त्याआधी नागिणीची लस घेऊन टाका." मी मान डोलावली, घरी येऊन लशीची चिठ्ठी डब्यात ठेवली आणि गोळ्या तेवढ्या सुरू केल्या. लस महाग होतीच, पण खरं कारण भीती. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या सांध्यांवर उठलेली. तिला आणखी कशाला डिवचायचं?

पाच महिन्यांनी बरगडीखाली आग पडली, मग फोड आले. "नागिणीचं तोंड-शेपूट जुळू देऊ नका," म्हणत सासूबाई गेरू लावत राहिल्या. मीही लावू दिला. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झालेल्या बऱ्या. मी पोचले पाचव्या दिवशी. फोड महिन्याभरात वाळले, पण त्या जागी पदर टेकला तरी वर्षभर कळ यायची. शिवाय टोफासिटिनिब थांबवावं लागलं आणि ज्यांना जपायला लस टाळली, ते सांधेही सुजले.

म्हणून सांगते, "लस घेऊ का?" एवढंच विचारू नका. कोणती, कधी आणि कोणत्या औषधावर असताना, हे विचारा.

गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर यांच्या लशींत दुबळे केलेले पण जिवंत विषाणू असतात. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना त्या सहसा टाळतात. फ्लूचं इंजेक्शन, न्यूमोनियाची, हिपॅटायटिस बीची आणि नागिणीची दोन डोसांची नवी लस यांत जिवंत जंतू नसतात. मी घाबरले होते ते यातल्याच एकीला.

जमेल तेव्हा लस नव्या औषधाच्या आधी उरका. रितुक्सिमॅबनंतर तर कित्येक महिने शरीर लशीला नीट दाद देत नाही. आजार आटोक्यात असेल तर फ्लूच्या लशीनंतर डॉक्टर मेथोट्रेक्सेट दोन आठवडे थांबवायला सांगू शकतात. पण ते त्यांनी सांगायचं, आपण ठरवायचं नाही. स्टिरॉइड तर मनानं कधीच बंद करू नका.

नागीण बरी झाल्यावर मी दोन्ही डोस घेतले. एक दिवस ताप, दोन दिवस दंड दुखला, सांधे चार दिवस कुरकुरले. एवढंच.

आता डॉक्टरांनी लस सुचवली की तारीख ठरवूनच मी खुर्चीवरून उठते. चिठ्ठी डब्यापर्यंत पोचूच देत नाही.