जमिनीचं पांघरूण : हिरवळीच्या खताचा धडा



'खत कुठून येतं?' असं वर्गात विचारून बघा. बहुतेक मुलं म्हणतील, 'दुकानातून, गोणीतून.' पिंपरी-चिंचवड, चाकण पट्ट्यातल्या मुलांचा त्यात दोष नाही. त्यांना रोज कंपन्यांच्या भिंतीच दिसतात. पण चाकण हे कांदा-बटाट्याच्या बाजाराचंही गाव आहे. म्हणून हा धडा इथे घ्यायलाच हवा.

थंड देशांत दोन पिकांच्या मधल्या काळात जमीन उघडी राहू नये म्हणून क्लोव्हर पेरतात. त्याच्याच जातकुळीतलं बरसीम आपल्याकडे रब्बीत चाऱ्यासाठी घेतात. जमिनीसाठी मात्र आपला शेतकरी ताग किंवा धैंचा पेरतो आणि हिरवा असतानाच गाडतो. हेच हिरवळीचं खत.

त्याचे फायदे :
१) पावसाचा मार थेट मातीवर बसत नाही, माती वाहून जात नाही.
२) तण दबतं.
३) मुळांच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला वापरता येईल अशा रूपात आणतात. हे जिवाणू १८८८ मध्ये बायरिंक या डच शास्त्रज्ञाने वेगळे करून दाखवले.

जूनच्या पावसावर हेक्टरी ५० ते ६० किलो तागाचं बी पेरतात. साधारण ४५-५० दिवसांनी, फुलं येऊ लागताच पीक गाडतात. उशीर झाला की खोड कडक होतं, लवकर कुजत नाही. पुढे रब्बीचा कांदा भुसभुशीत मातीत लागतो.

मग सगळेच का करत नाहीत? कारण त्या दोन महिन्यांत सोयाबीनसारखं पैसे देणारं पीक घेता येत नाही. शिवाय जमीन खंडाने घेतलेली असेल, किंवा उद्या विकली जाणार असेल, तर पुढच्या वर्षासाठी कोण पेरणार? ही अडचण मुलांना खरी खरी सांगा.

उपक्रम : मेथीच्या शेतातली थोडी माती कुंडीत घालून मेथी पेरा. दीड महिन्याने रोप मुळांसकट अलगद काढा, मुळं पाण्यात धुवा. एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी रंग दिसला, तर जिवाणू कामावर आहेत असं समजा.

गृहपाठ : गावच्या आजी-आजोबांना फोन करून विचारा, 'तुम्ही कधी ताग गाडला होता का? आता गाडता का? नसाल तर का नाही?' आलेली उत्तरं वर्गात वाचून दाखवा.