गोठ्याचे खांब : जमीन पाहून रोवणी

गोठ्याचे छप्पर खांब तोलून धरतात, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु वादळात तेच खांब छपराला जमिनीशी बांधून ठेवतात, ही गोष्ट रोवणीच्या वेळी बहुधा ध्यानात घेतली जात नाही. ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळात कितीतरी छपरांचे पत्रे उडाले. बाजूंनी उघड्या गोठ्यात शिरलेला वारा छपरास खालून वर रेटतो. भारतीय मानकात मुंबईसाठी सेकंदास ४४ मीटर हा वाऱ्याचा मूळ वेग धरला आहे. त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ११८ किलो होतो. तेवढाच रेटा वरच्या दिशेने धरल्यास १२ चौरस मीटर छपराच्या चार खांबांपैकी प्रत्येकास सुमारे ३५० किलोंची ओढ बसते. दीड फूट लांब, दीड फूट रुंद व तीन फूट खोल खड्ड्यातील काँक्रीट साडेचारशे किलोंच्या आसपास भरते. म्हणून एवढा खड्डा किनारपट्टीत अधिक मानू नये.

मुरमाड जमिनीत काम सोपे असते. खांब ओळंब्यात धरून, वीत-वीत थर घालून धुम्मसाने ठोकीत जावे.

काळ्या जमिनीची गोष्ट निराळी. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ पाया दरवर्षी थोडाथोडा वर उचलते. येथे खड्डा चार फुटांहून कमी नसावा. हाती मुरूम लागेपर्यंत खणता आल्यास उत्तम. खड्डा तळाशी पसरट व वर अरुंद ठेवावा. पुष्कळ ठिकाणी याच्या उलट, वर रुंद असा खड्डा घेतात; मग फुगणारी माती त्या काँक्रीटला खालून पकडून वर लोटते. उकरलेली काळी माती पुन्हा भरू नये, मुरूम भरावा. मात्र वरची वीतभर जागा चिकण मातीने ठोकून बाहेर उतार द्यावा, नाहीतर पाणी खड्ड्यात मुरते.

काळ्या कातळात निदान एक फूट खोल छिद्र पाडून, आतील भुकटी धुऊन काढून, पिळाचा गज सिमेंटने बसवावा. जांभा वरून टणक, आत मऊ असतो. तेथे गजावर न विसंबता दोन-अडीच फूट खड्डाच कोरावा. जुन्या ओट्याच्या कोब्यावर केवळ बोल्ट मारणे व्यर्थ होय. कोबा फोडून खाली खणावे.

लाकडी खांब कुजतो तो जमिनीच्या पातळीशी, कारण तेथे ओल व हवा दोन्ही लागतात. तो थेट काँक्रीटमध्ये न पुरता, काँक्रीटमधून वर काढलेल्या लोखंडी पट्ट्यांना जमिनीपासून चार बोटे उंच बोल्टने जखडावा. काँक्रीट निदान सात दिवस ओले ठेवावे व तोवर छपराचा भार खांबांवर देऊ नये.