रिव्हर्स गेला, दुसरा गेला, पण पहिला आहे!

‘ऑटोमॅटिक ट्रान्समिशन’ म्हटलं की आपल्याला काय आठवतं? परीक्षेच्या आदल्या रात्री घोकलेली एपिसायक्लिक गिअर ट्रेनची टेबल मेथड. आणि वायवात ‘हे वापरतात कुठे?’ या प्रश्नाला ‘सर, गाडीत’ हे ठरलेलं उत्तर. पुढचा प्रश्न येऊ नये म्हणून मनातल्या मनात गणपतीचा धावा!

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठीत लिहिताना ‘दात’ म्हणू की ‘टीथ’ असं होतं. सांभाळून घ्या. विषय मात्र भारी आहे.

आपल्याकडे ट्रक म्हणजे बहुधा क्लच दाबून दाबून पाय दुखवणारी गाडी. अमेरिकेत पिकअपलाही ट्रकच म्हणतात आणि तिथे ऑटोमॅटिक बॉक्स सर्रास. मजुरी महाग असल्यामुळे घरच्या गॅरेजमध्ये हा बॉक्स उतरवून खोलणारे हौशी लोकही भरपूर. त्यांच्या हाताखालून पुष्कळ वेळा गेलेला एक बॉक्स म्हणजे जनरल मोटर्सचा. १९८२ साली तो ७००आर४ या नावाने आला, १९९० मध्ये त्याचं नाव ४एल६० झालं आणि १९९३ पासून इलेक्ट्रॉनिक कंट्रोलवाला ४एल६०-ई. चार म्हणजे चार फॉरवर्ड गिअर, एल म्हणजे इंजिनच्या लांबीच्या दिशेने बसणारा. गिअर रेशो असे: ३.०६, १.६३, १.००, ०.७० आणि रिव्हर्स २.२९.

हे आकडे पाठ करायचे नाहीत, काढायचे. आत दोन प्लॅनेटरी सेट आहेत. पुढच्या सेटची रिंग आणि मागच्या सेटचा कॅरिअर एकमेकांना बांधलेले. पुढचा कॅरिअर आणि मागची रिंग हे दोघे एकत्र, आणि तेच आउटपुट. मागच्या सेटमध्ये रिंगचे दात सनच्या २.२९ पट. रिव्हर्समध्ये मागचा कॅरिअर धरून ठेवतात आणि सन फिरवतात, म्हणून रिंग उलटी फिरते आणि रेशो थेट २.२९. चौथ्यात उलट काम: सन धरायचा, कॅरिअर फिरवायचा. २.२९ भागिले ३.२९, झाले ०.७०. पुढच्या सेटमध्ये रिंग सनच्या २.०६ पट. पहिल्यात पुढची रिंग अडवलेली, सन फिरवलेला: १ अधिक २.०६, म्हणजे ३.०६. तिसऱ्यात सगळं एकजीव होऊन फिरतं, म्हणून १. दुसऱ्याचा १.६३ तुम्ही काढा. त्यात दोन्ही सेट एकदम कामाला लागतात. मला ते जमलं तेव्हा मेसची भाजीसुद्धा चांगली लागली.

आता खरी गंमत. मागच्या सनला पत्र्याचं एक भांडं जोडलेलं असतं, त्याला सन शेल म्हणतात. दुसऱ्या आणि चौथ्या गिअरला २-४ बँड बाहेरून ड्रम आवळतो, ड्रम शेलला अडवतो आणि शेल सनला. रिव्हर्सला याच शेलमधून ताकद सनकडे जाते. पहिल्यात मात्र शेल नुसता मोकळा फिरतो आणि तिसऱ्यात सगळ्यांबरोबर. म्हणजे शेल तडकला किंवा त्याचे स्प्लाइन झिजून गेले तर कुठले गिअर जातील? रिव्हर्स, दुसरा आणि चौथा. पहिला आणि तिसरा शाबूत! हा या बॉक्सचा जगजाहीर कच्चा दुवा आहे. एकही बोल्ट न काढता, फक्त गाडी चालवून निदान होतं. तिसरा आणि चौथा दोन्ही गेले, बाकीचे आहेत, तर ३-४ क्लचच्या प्लेट्स जळाल्या असं धरायचं. त्या दोन गिअरना समाईक तोच.

तिसरा प्रकार आमच्या घरातलाच. माझा मावसभाऊ टेक्सासमध्ये असतो, त्याच्याकडे याच घराण्याचा बॉक्स असलेला जुना ट्रक आहे. एके दिवशी ट्रक सिग्नलवरून उठेचना. रडतखडत निघायचा, रिव्हर्स मात्र ठीक. तिथल्या एका गॅरेजने न खोलताच पूर्ण रिबिल्डचा आकडा सांगितला, जवळजवळ ट्रकच्या किमतीएवढा. कामावर जायला दुसरी गाडी नाही. दादाचा फोन आला, “अगं, तुमच्या पुस्तकात काही आहे का यावर?”

पुस्तकात नाही, पण सोलेनॉइडच्या तक्त्यात होतं. शिफ्ट सोलेनॉइड दोन, ए आणि बी. पहिल्यात दोन्ही चालू, दुसऱ्यात फक्त बी, तिसऱ्यात दोन्ही बंद, चौथ्यात फक्त ए. म्हणजे वीजच गेली तर बॉक्स आपोआप तिसऱ्यात. तिसऱ्यात गाडी उठवायची म्हणजे रडतखडतच! रिव्हर्सला या दोघांची गरज नाही, लिव्हरच्या व्हॉल्व्हने तेल थेट पोचतं. मी म्हटलं, “दादा, आधी फ्यूज बघ, मग बॉक्सच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लाव.” फ्यूज ठीक, कनेक्टरवर व्होल्टेज शून्य. वायरिंग हार्नेसचा माग काढला तर उंदरांनी वायर कुरतडलेली. सोल्डर, वर स्लीव्ह, काम खलास. आई अजून सगळ्या नातेवाइकांना सांगते.

पण खोलावंच लागलं तर? आधी पॅन काढून बघायचं, सोळा बोल्ट. आतल्या चुंबकावर बारीक राखाडी चिखल असणं नॉर्मल. तेल काळं, करपल्याचा वास, तळाशी फ्रिक्शनचा काळा चुरा, तर क्लच गेले. चकचकीत कपचे दिसले तर मनाची तयारी ठेवावी. पॅनमधून सगळं तेल निघत नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहतं.

बॉक्स उतरवताना प्रोपेलर शाफ्ट काढला की ‘पार्क’ची पकड संपते, कारण पार्क आउटपुट शाफ्ट अडवतो, चाकं नाही. म्हणून चाकांना आधी ठोकळे, बॅटरीची तार काढलेली आणि ट्रक स्टँडवर. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही जायचं नाही. बॉक्सचं वजन एका धडधाकट माणसाएवढं, तो छातीवर घेऊन चालत नाही, ट्रान्समिशन जॅकच हवा. शेल बदलायचा तर पुढून पंप, मग ड्रम, मग पुढचा प्लॅनेटरी असं क्रमाने बाहेर काढावं लागतं. प्रत्येक थर काढताना फोटो. शेल मिळतो तो जाड आणि कडक केलेला घ्यावा, जुन्याच जातीचा नको. नव्या फ्रिक्शन प्लेट्स बसवण्याआधी तेलात भिजवायच्या. क्लच जुळल्यावर फीलर गेजने फट मोजायची आणि तेलाच्या छिद्रात कॉम्प्रेसरची हवा द्यायची. ‘धप्’ असा आवाज आला की पिस्टन सील धरतोय, नुसतं फुस्स झालं तर परत खोला. हे टेबलावर पाच मिनिटांचं काम, ट्रकखाली दोन दिवसांचं.

आणि तेलाचा कूलर! रेडिएटरमधला जुना चुरा धुऊन काढला नाही तर तो नव्या प्लेट्सवर येतो, मग सगळं पहिल्यापासून.

सगळ्यात नाजूक काम कन्व्हर्टरचं. तो शाफ्टवर ठेवून फिरवत फिरवत आत ढकलायचा. तो एकामागून एक खाली बसत जातो, पंपात गुंतेपर्यंत. बॉक्स इंजिनला लागला की फ्लेक्सप्लेट आणि कन्व्हर्टर यांच्यात थोडी फट राहायला हवी, कन्व्हर्टर हाताने फिरायला हवा. फट नसेल आणि बोल्ट जोर लावून आवळले तर नवाकोरा पंप तिथेच फुटतो. फट दिसली की मगच तीन बोल्ट, मग तेल, मग इंजिन पार्कमध्ये सुरू. ब्रेक दाबून लिव्हर एकदा सगळ्या जागांतून फिरवायचा, आणि डिपस्टिकवरची पातळी तेल गरम असताना, इंजिन चालू ठेवून बघायची.