माशांची हद्द कोण ठरवते?

लखनौच्या तेलीबाग भागात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो आहे. 1983 मध्ये स्थापन झालेली ही संस्था देशातील मत्स्यजातींची नोंद ठेवते व त्यांचे आनुवंशिक धन जतन करते. अशा कोणत्याही नोंदीत जातीच्या नावासोबत ती कोठे आढळते हेही लिहावे लागते. हे ‘कोठे’ प्रामुख्याने हवामान ठरवते आणि मत्स्यशेती करणाऱ्यांनी ते समजून घेणे अगत्याचे आहे.

बहुतेक मासे स्वतःच्या शरीराची ऊब राखू शकत नाहीत. पाण्याचे जे तापमान, तेच त्यांच्या अंगाचे. पाणी तापले की माशाची प्राणवायूची गरज वाढते आणि नेमकी त्याच वेळी पाण्याची प्राणवायू धरून ठेवण्याची क्षमता घटते. गोड्या पाण्याच्या एका लिटरमध्ये 10 अंश सेल्सिअसला सुमारे 11 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 30 अंशांना जेमतेम साडेसात. म्हणून ट्राउट हिमाचल-काश्मीरच्या थंड ओढ्यांत राहतो, भीमेत नाही. उलट बाजूस, रोहू 14 अंशांखाली नीट वाढत नाही.

येथे सरासरी तापमान फसवे ठरते. लखनौत मे-जूनमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि जानेवारीच्या रात्री पाच अंशांच्या आसपास उतरतो. दोहोंची सरासरी काढली तर ती कोणत्याही कार्प माशाला मानवेल अशीच निघेल. पण मासा सरासरीत राहत नाही. त्याला वर्षातील सर्वांत वाईट आठवडा निभावून न्यावा लागतो. खोल तलाव हा चढउतार बराच सौम्य करतो, उथळ शेततळे करू शकत नाही.

जगणे आणि वंश टिकवणे यांतही अंतर आहे. कटला, रोहू व मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यासारख्या उत्तरेकडील नद्यांतले. दख्खनच्या जलाशयांत व शेततळ्यांत त्यांना आपण आणले. तेथे ते उत्तम वाढतात, पण साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यासाठी पावसाळी पुराचे वाहते पाणी लागते. 1957 मध्ये ओडिशात पियूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन कार्प माशांचे प्रजनन साधले, तेव्हा कोठे हा अडसर दूर झाला. आपल्या शेततळ्यातील रोहूचा वंश आजही बीजकेंद्राच्या आधारानेच चालतो. पाऊस फार लांबला तर परिपक्व मादीच्या पोटातील अंडी शरीरातच जिरून जातात, हे बीज मागवणाऱ्यानेही ध्यानात ठेवावे.

या हद्दी सरकतही आहेत. हरिद्वारजवळच्या गंगेत पाण्याचे सरासरी किमान तापमान 1970-86 या काळात 13 अंश होते, ते 1987-2003 मध्ये 14.5 अंश झाले. पूर्वी मधल्या गंगेत मिळणाऱ्या काही उष्णजलीय जाती आता तेथपर्यंत पोहोचल्या आहेत. समुद्रातही तसेच घडले. तारली पूर्वी मुख्यतः 8 ते 14 अंश उत्तर अक्षांशांच्या दरम्यान, म्हणजे मलबार किनाऱ्यालगत मिळे. 1985 नंतरच्या दोन दशकांत 14 ते 16 अंशांच्या पट्ट्यातील तिची आवक वाढली; गोवा आणि सिंधुदुर्गाचा दक्षिण भाग याच पट्ट्यात येतो. ही आवक कायमची समजून कर्जे काढणे मात्र शहाणपणाचे नाही. तारलीचे उत्पादन वर्षागणिक फार हेलकावे खाते.

समुद्रातल्या माशाला सरकायला जागा असते. सह्याद्रीच्या ओढ्यातल्या माशाला वर सरकता सरकता शेवटी ओढ्याचा उगमच लागतो. दख्खनी महसीर साइक्सने 1839 मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतून शास्त्राला परिचित करून दिला. अशा जातींपुढे उष्ण पाण्याबरोबरच आटलेल्या डोहांचे आणि वाट अडवणाऱ्या धरणांचेही संकट आहे. याउलट भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांत उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी गुडघाभर उरते, तेथे मरळ व देशी मागूर टिकतात, कारण ते पृष्ठभागावर येऊन हवेतूनही श्वास घेतात. हे कौशल्य परक्या मागुरातही आहे; त्याचे संवर्धन आपल्याकडे निषिद्ध आहे. 1952 मध्ये भारतात आणलेला तिलापिया काटक आणि साचलेल्या पाण्यातही पिल्ले वाढवणारा. एकदा जलाशयात शिरला की त्याला बाहेर काढता येत नाही.

तेव्हा नवी जात घेण्याआधी तळ्याची स्वतःची नोंद हवी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी, पृष्ठभागावर व तळाशी, असे तापमान घ्यावे. प्राणवायू मात्र सूर्योदयापूर्वी मोजावा, कारण रात्रभर श्वसन होऊन तो तेव्हाच सर्वांत कमी असतो. पंगास थंडीला नाजूक आहे. हिवाळ्यात पाणी फार गार होणाऱ्या तळ्यात त्याची बोटुकली पावसाळ्याच्या अखेरीस सोडू नयेत. ती उन्हाळ्याच्या तोंडाशी सोडून पुढच्या थंडीपूर्वी मासा विक्रीस काढता येईल, असा हिशेब करावा.