नुसती माया पुरत नाही

चि. सोनूस,


नर्सिंग करून नवजात बाळांच्या कक्षातच काम करायचं म्हणतेस, असं ताई फोनवर म्हणाली. कारण काय, तर तुला बाळं फार आवडतात. पोरी, आवडू देत. पण तेवढ्या भांडवलावर पहिली रात्रपाळीसुद्धा निघत नाही.

अकराशे ग्रॅमचं बाळ धड रडतही नाही. छाती आत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात. कधी श्वास घ्यायचंच विसरतं, मग तळपायाला टिचकी मारून त्याला जागं करावं लागतं. मॉनिटर ओरडतो खरा, पण सेन्सर सुटला तरी तो तसाच ओरडतो. खरं काय ते बाळाकडे बघूनच कळतं. ऑक्सिजन कमी पडला तर जीवावर बेततं, जास्त झाला तर डोळ्यांचा पडदा बिघडतो. म्हणून ऑक्सिजनवरच्या कमी दिवसांच्या बाळाचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ९० ते ९५ टक्क्यांमध्ये राखायचं, आणि त्यावर डोळा सिस्टरचाच. डोसही वजनावर, दशांश चिन्ह एक घर चुकलं की दहापट औषध. गणिताचा कंटाळा असेल तर आत्ताच विचार कर.

ही नजर नुसत्या पदवीनं येत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी खेड्यातल्या बायकांना आरोग्यदूत केलं. मिनिटाला ६० च्या वर श्वास म्हणजे धोका, हे त्या मोजून ओळखायला शिकल्या. त्या गावांतले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

आणि आईला काचेबाहेर उभं करू नकोस. ताम्हिणीकडची बाळंतीण, बाळ पुण्याला हलवलेलं. आधीच ती बावरलेली असते. तिच्या उघड्या छातीशी बाळ ठेवलं की त्याची ऊब टिकते, दूधही उतरतं. मुंबईत शीवच्या रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आईच्या दुधाची पेढी काढली, ती या दुधाचं मोल ओळखूनच.

नर्सिंगच्या जीएनएम डिप्लोमाला तीन वर्षं, बीएस्सीला चार. जमलं तर बीएस्सीच कर. सुरुवातीचा पगार खाजगीत बेताचाच असतो, हेही ऐकून ठेव.

फॉर्म भरण्याआधी गावातल्या आशाताईंबरोबर दोन-चार घरं फिर. बाळ ४२ दिवसांचं होईपर्यंत त्या घरी येऊन तपासतात. वजन कसं करतात, आईला काय विचारतात, नीट बघ. त्यानंतरही मन ठाम असेल तर मला कळव. रात्रपाळी आणि लग्नाचं काय म्हणणाऱ्या तुझ्या बाबांशी मी बोलेन.

तुझी मावशी