ट्यूब टायरमध्ये घालण्याआधी

मी कॉन्व्हेंटची. माझं मराठी ऐकून आमची अख्खी विंग हसते. तरी संपादक मंडळाने "अभ्यासाचं काहीतरी मराठीत लिही" असा आग्रह धरला, म्हणून हा प्रयत्न. चूकभूल द्यावी घ्यावी.

हॉस्टेलच्या गेटबाहेरचे पंक्चरवाले काका ट्यूब बाहेर काढतात, हवा भरतात आणि घमेल्यातल्या पाण्यात फिरवतात. बुडबुडे दिसले की तिथे खूण. पॅच लावल्यावर पुन्हा एकदा पाण्यात, आणि मगच ट्यूब टायरच्या आत. चाक बसवून झाल्यावर ट्यूब तपासणारा पंक्चरवाला मी पाहिलेला नाही. इमारती बांधणारे आपण शिकलेले लोक मात्र कधी कधी तेच करतो. गेल्या मे महिन्यात मीही त्यात होते.

ट्रेनिंगला मी एका ऑफिसच्या साईटवर जात होते. तिथे सर्व्हर रूमचं काम चालू होतं. अशा खोलीत आग लागली तर पाणी मारता येत नाही, गॅस सोडतात. तो गॅस किमान १० मिनिटं तरी खोलीत टिकला पाहिजे. म्हणजे खोलीला फटी नकोत. एक दिवस मला दिसलं की केबल ट्रे जिथे भिंतीतून जातो तिथे वीतभर भोक उघडं आहे. मी डायरीत त्याचं स्केच काढलं, तारीख टाकली आणि गप्प बसले. ट्रेनीला कोण विचारतं? शिवाय कोणीतरी बुजवेलच!

पंधरा दिवसांत जिप्समचं सीलिंग झालं, रंग झाला. मग दारात पंखा लावून टेस्ट घेतली. खोली नापास. शेवटी सीलिंग कापलं, तेव्हा वर तेच भोक. ते बुजवायला अर्धा तास लागला, सीलिंग आणि रंग पुन्हा करायला चार दिवस. सीलिंगचा मिस्त्री म्हणाला, "ताई, आधी कुणी बघितलं असतं तर?" मी काहीच बोलले नाही.

त्यानंतर मी हा विषय नीट वाचला. घरांसाठी ही टेस्ट वाढली ती थंड देशांत. तिथे फटींतून घरातली गरम हवा बाहेर जाते आणि इंधनाचं बिल वाढतं. त्याहून वाईट म्हणजे त्या हवेतली वाफ भिंतीच्या आतल्या थंड भागावर पोचली की तिचं पाणी होतं. मग बुरशी येते, लाकूड कुजतं. कॅनडात रेजायना इथे १९७७ साली सस्कॅचवान कॉन्झर्व्हेशन हाऊस हे जाड इन्सुलेशनचं, जवळजवळ हवाबंद घर बांधलं गेलं. पुढे जर्मनीत डार्मश्टाटला पहिलं पॅसिव्ह हाऊस उभं राहिलं, १९९१ मध्ये लोक तिथे राहायला गेले. पॅसिव्ह हाऊसचा नियम असा, की ५० पास्कल दाबाच्या फरकाला घरातली हवा तासाला ०.६ पटीपेक्षा जास्त बदलता कामा नये. म्हणजे ४०० घनमीटरच्या घरात सगळ्या फटींतून मिळून ताशी २४० घनमीटर, त्याहून जास्त नाही.

५० पास्कल म्हणजे जेमतेम ५ मिलिमीटर पाण्याचा दाब. बर्नूलीचं सूत्र वापरून पाहा, ताशी सुमारे ३३ किलोमीटरचा वारा येतो. जणू असा वारा एकाच वेळी सगळ्या बाजूंनी लागतोय.

टेस्ट सोपी आहे. बाहेरच्या दाराच्या चौकटीत कापडी पडदा ताणून बसवतात आणि त्यात पंखा. पंखा आतली हवा बाहेर फेकतो, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा फटींतून आत घुसते. पंख्यातून जेवढी हवा बाहेर, तेवढीच फटींतून आत. म्हणून पंख्याचा प्रवाह मोजला की गळती कळते. त्याआधी खिडक्या बंद करायच्या, ट्रॅपमध्ये पाणी भरायचं आणि अर्धवट सोडलेल्या पाइपांची तोंडं बंद करायची, नाहीतर आकडा खोटा येतो.

पण खरी गोष्ट आहे ती वेळेची. ही टेस्ट दोनदा घ्यावी. पहिली, खिडक्या बसल्या आणि हवा अडवणारा थर पूर्ण झाला की लगेच, तो झाकायच्या आत. विटांच्या घरात हा थर म्हणजे आतलं प्लास्टर, लाकडी सांगाड्यात टेप लावलेले बोर्ड किंवा पडदा. पंखा चालू ठेवून सांध्यांवर ओला हात फिरवायचा, उदबत्ती धरायची. धूर वाकला की तिथे खूण. ठिकाणं ठरलेली असतात: खिडकीची चौकट, स्विच बॉक्स, पाइप जातो ती जागा. आणि भिंतीचा तळ, कारण "स्कर्टिंगखाली झाकलं जाईल" म्हणून तिथे प्लास्टरच करत नाहीत! या वेळी फट हाताला लागते, दुरुस्ती स्वस्तात होते. दुसरी टेस्ट काम संपल्यावर. ती आपल्या युनिव्हर्सिटीच्या परीक्षेसारखी, फक्त मार्क सांगते. चुका सुधारायच्या तर त्या पहिल्या टेस्टलाच.

एक इशारा. हवाबंद घर म्हणजे कोंदट घर नव्हे, तिथे ताजी हवा पंख्याने मुद्दाम आणतात. हे वाचून कोणी घरी बाथरूमचं व्हेंटिलेटर बुजवू नका. तिथे गॅस गीझर असेल तर कार्बन मोनॉक्साइड साठून जीव जाऊ शकतो.

ट्रेनिंगच्या शेवटच्या दिवशी मी ती डायरी साईटवरच्या साहेबांना दाखवली. वाटलं होतं, ओरडतील. त्यांनी तारीख वाचली, स्केच पाहिलं आणि म्हणाले, "माप बरोबर घेतलंयस. पुढच्या वेळी डायरी मिटायच्या आधी मला हाक मार."

– टी. ई. सिव्हिल